पंचाण्णवावा

(स्नेहमेळाव्यात ‘माझं एक पुस्तक’ या सत्रात केलेलं भाषण)



या सभागृहात आपण कायम सतरंजीवर बसलो. आज तीस वर्षांनी खुर्ची मिळाली, त्याबद्दल संयोजकांचे आभार. मागच्या रांगेतली मंडळी आजही मागच्याच रांगेत बसली आहेत, हे मी इथून बघते आहे.

मला सांगितलं होतं, दहा-पंधरा मिनिटं, एका पुस्तकाबद्दल बोल. मी संगणकवाली बाई. माझ्याकडून लोकांची अपेक्षा कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरेची असते. पण मी आज एक रहस्यकथा सांगणार आहे, तीही जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली. आपल्या वाचनालयातल्या बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर ज्यांनी तासाला डुलक्या काढायच्या सोडून रात्र रात्र जागवल्या, त्यांना ती आवडेल. खुनी कोण हे मात्र मी सांगणार नाही. ते सांगितलं तर तुम्ही पुस्तक वाचणार नाही.

पुस्तकाचं नाव ‘वन कॉर्प्स टू मेनी’. म्हणजे, एक प्रेत जास्त. लेखिका एलिस पीटर्स. प्रसिद्ध झालं १९७९ साली. म्हणजे साधारण आपल्याच वयाचं आहे.

गोष्ट घडते श्रूसबरी या गावात. श्रूसबरी म्हटलं की आपल्याला पुण्याच्या कॅम्पातली बिस्किटं आठवतात. तेच नाव. सेव्हर्न नावाची नदी या गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घालते. जिथे वळसा पुरा होत नाही, त्या चिंचोळ्या तोंडाशी किल्ला आहे, आणि नदीपलीकडे मठ. मी कामानिमित्त काही महिने बर्मिंगहॅमला होते, तेव्हा हे पुस्तक तिथल्या वाचनालयात हाती लागलं आणि वाचून झाल्यावर एका रविवारी मी रेल्वेने तिथे गेले. तासाभराचा प्रवास. स्टेशनातून बाहेर आलं की डोक्यावरच लाल दगडाचा किल्ला. मठाचं चर्च अजून उभं आहे, पण बाकीचा मठ गेला. १८३६ साली टेलफर्ड या अभियंत्याचा रस्ता मठाच्या जागेतूनच काढला गेला. भिक्षूंच्या भोजनगृहात ज्या दगडी चौथऱ्यावर उभं राहून जेवताना ग्रंथवाचन चालायचं, तो चौथरा आज रस्त्याच्या पलीकडे एकटाच उभा आहे. आपल्या मधल्या सुट्टीतल्या चिंचेच्या झाडाचं जे रस्तारुंदीत झालं, तेच.

आता थोडा इतिहास. बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे कारणे आणि परिणाम अशा मथळ्यांखाली मुद्देसूद सांगायचा प्रयत्न करते.

इंग्लंडचा राजा पहिला हेन्री. त्याचा एकुलता एक औरस मुलगा सतरा वर्षांचा असताना नोव्हेंबर ११२० मध्ये ‘व्हाइट शिप’ नावाचं जहाज बुडून गेला. त्याच जहाजात हेन्रीचा भाचा स्टीफन चढला होता, पण जहाज सुटायच्या आधी तो उतरला. हे लक्षात ठेवा. राजाला उरली एक मुलगी, मॉड. ती जर्मनीच्या सम्राटाची विधवा. हेन्रीने दरबारातल्या सगळ्या सरदारांना शपथ घ्यायला लावली, की माझ्यामागे मॉडलाच राज्य द्यायचं. सगळ्यांनी शपथ घेतली. स्टीफननेही घेतली. १ डिसेंबर ११३५ रोजी हेन्री मेला आणि तीन आठवड्यांत, २२ डिसेंबरला, स्टीफनने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. शपथ घेतलेल्यांपैकी बरेचजण त्या नव्या राजापुढे गुडघे टेकून मोकळे झाले. बाईमाणसाच्या हाताखाली कोण राहणार, हे एक कारण. मॉडचा दुसरा नवरा फ्रान्समधल्या आंजूचा, नॉर्मन सरदारांचा जुना वैरी, हे दुसरं कारण.

परिणाम: अठरा-एकोणीस वर्षं यादवी. आज हा किल्ला हिचा, उद्या त्याचा. एकदा तर खुद्द स्टीफन कैद झाला, तरीही मॉडला मुकुट मिळाला नाही. लंडनच्या लोकांनी तिला हुसकावून लावलं. शेवटी ११५३ मध्ये तडजोड झाली: मरेपर्यंत स्टीफन राजा, त्यानंतर मॉडचा मुलगा. पुढच्याच वर्षी स्टीफन मेला आणि दुसरा हेन्री गादीवर आला. म्हणजे इतकी माणसं मेली, इतकी गावं जळाली, आणि शेवट तिथेच झाला जिथे पहिल्या हेन्रीला हवा होता. इंग्लंडच्या इतिहासात या काळाला ‘अनागोंदी’ असंच नाव आहे.

आपली गोष्ट या यादवीच्या सुरुवातीची, ११३८ च्या उन्हाळ्यातली. श्रूसबरीचा किल्लेदार फिट्झॅलन मॉडच्या बाजूचा. स्टीफनने वेढा घातला. किल्ला पडला, किल्लेदार निसटला आणि आतली शिबंदी सापडली. स्टीफन तसा मवाळ माणूस. पण तू फार मऊ वागतोस म्हणून कोणीही उठून बंड करतो, असं त्याला सगळे सांगत होते. म्हणून या वेळी त्याने जरब बसवायची ठरवली आणि हाती लागलेल्यांना फासावर लटकवलं. हे कल्पित नाही. ऑर्डेरिक व्हायटॅलिस नावाच्या त्याच काळातल्या एका भिक्षूने आपल्या इतिहासग्रंथात याची नोंद केली आहे. नव्वदहून जास्त माणसं. कादंबरीतला आकडा चौऱ्याण्णव.

इथे आपला नायक येतो. ब्रदर कॅडफेल. वय सुमारे अठ्ठावन्न. जन्माने वेल्श, तरुणपणी क्रुसेडच्या लढाईत गेलेला, मग दर्यावर्दी, आणि चाळिशी उलटल्यावर मठात आलेला. मठाच्या औषधी वनस्पतींच्या बागेची जबाबदारी त्याच्याकडे. काढे, मलमं, खोकल्याची चाटणं करायची. जग पाहून झालेला माणूस आहे, त्यामुळे कोणाच्या वागण्याने त्याला धक्का बसत नाही. तो कोणाची बाजू घेत नाही. स्टीफन काय आणि मॉड काय, त्याला सारखेच. पण बाजू न घेणं म्हणजे हात झटकणं नव्हे, हे या कादंबरीत पानोपानी दिसतं. मॉडच्या पक्षातल्या एका सरदाराची मुलगी मुलाच्या वेषात त्याच्या बागेत मदतनीस म्हणून लपली आहे. आणि स्टीफनच्या पक्षातली दुसरी एक मुलगी आपल्या भावाला शोधत आली आहे. तो दोघींनाही जपतो.

फाशी दिलेल्यांची प्रेतं किल्ल्याच्या आवारात पडलेली. मठाधिपती म्हणतात, ही माणसंच होती, त्यांना नीट मूठमाती मिळाली पाहिजे. राजा परवानगी देतो. काम कॅडफेलकडे येतं. तो गावातले काही लोक मदतीला घेतो, एकेका प्रेताचे बांधलेले हात सोडवतो, चेहरे पुसतो, डोळे मिटवतो, रांगेत निजवतो. आणि मोजतो. पंचाण्णव भरतात.

तो पुन्हा मोजतो. पंचाण्णव.

अधिकाऱ्यांचा हिशोब मात्र पक्का आहे: हुकूम चौऱ्याण्णवांचा, फाशी चौऱ्याण्णवांना. मग मोजणारा चुकला असेल. नाहीतर गर्दीत एखादा जास्त लटकवला गेला असेल. एवढ्या मढ्यांत एक इकडे की तिकडे, काय फरक पडतो? सगळेच राजद्रोही.

कॅडफेल ऐकत नाही. तो जास्तीचा कोण, ते शोधायला बसतो. आणि त्याला एक तरुण सापडतो. विशीच्या आसपासचा. त्याचे हात कधी बांधलेच गेले नव्हते. गळ्यावरचा वळ जाड दोरखंडाचा नाही, बारीक दोरीचा आहे. मागून येऊन कोणीतरी त्याचा गळा आवळला, आणि मग, प्रेत लपवायला याहून चांगली जागा कुठली, असा विचार करून त्याला या ढिगात आणून टाकलं.

राजाने चौऱ्याण्णव माणसं मारली तो न्याय, आणि कोणीतरी एक मारला तो खून. हा फरक लेखिका आपल्याला सहज गिळू देत नाही. कॅडफेललाही तो गिळवत नाही. चौऱ्याण्णवांसाठी त्याला काही करता येत नाही, ते राजाच्या अखत्यारीतलं. पण पंचाण्णवाव्याला कोणीच जबाबदार नाही म्हणतंय, म्हणून तो त्याची जबाबदारी घेतो. थेट राजासमोर जाऊन सांगतो, की कोणीतरी तुमच्या न्यायाचं पांघरूण स्वतःच्या खुनावर घालतो आहे. इथून पुढे रहस्यकथा सुरू होते. लपवलेला खजिना आहे, नदीकाठचे रात्रीचे फेरे आहेत, मित्र की शत्रू कळू न देणारा एक हुशार तरुण सरदार आहे. ते सगळं तुम्ही वाचा.

लेखिकेबद्दल दोन शब्द. एलिस पीटर्स हे टोपणनाव. खरं नाव एडिथ पार्जिटर. जन्म १९१३, श्रूसबरी ज्या परगण्यात आहे त्याच श्रॉपशायरमधला. विद्यापीठात गेली नाही. शाळा संपल्यावर काही वर्षं औषधाच्या दुकानात मदतनीस होती. कॅडफेलच्या काढ्यांमागचा तपशील वाचताना ते आठवतं. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या महिला शाखेत काम केलं. त्या कामासाठी पदक मिळालं. चेक भाषा शिकून तिने तिथल्या साहित्याचे इंग्रजीत अनुवाद केले. भारतातही तिचा जीव गुंतला होता. तिच्या दोन रहस्यकथा, ‘मोर्निंग रागा’ आणि ‘डेथ टू द लँडलॉर्ड्स’, भारतात घडतात. आणि कॅडफेलची पहिली कादंबरी आली तेव्हा तिने साठी ओलांडली होती. त्यानंतर तिने एकूण वीस कॅडफेल कादंबऱ्या लिहिल्या. चाळिशी उलटली, आता काय नवीन करणार, असं आज सकाळी चहाच्या टेबलावर जे म्हणत होते, त्यांनी हे लिहून घ्यावं. आपण दहावीत होतो त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, ती गेली. श्रूसबरीच्या त्या चर्चमध्ये रंगीत काचेची एक खिडकी तिच्या स्मरणार्थ आहे.

आता मी हेच पुस्तक का निवडलं ते सांगते.

बर्मिंगहॅमला जाण्याच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. आमच्याकडे एका संस्थेच्या निवृत्तिवेतनाची माहिती जुन्या संगणक प्रणालीतून नव्या प्रणालीत न्यायचं काम होतं. हजारो नावं. अशा कामात शेवटी एक ताळा असतो: जुन्यात किती ओळी, नव्यात किती. सोपं गणित, पहिलीतल्या मुलाचं. आमच्या ताळ्यात एक ओळ कमी भरली. फक्त एक.

मी थोडं शोधलं. आमच्या प्रोग्रॅममध्ये दुबार नोंदी काढून टाकायचा एक नियम होता: नाव, गाव आणि जन्मतारीख तिन्ही जुळलं तर ती व्यक्ती एकच. त्यात एक जोडी विलीन झाली होती. नाव तेच, गाव तेच, जन्मतारीख १ जून.

हसलात ना? तुम्हाला लगेच कळलं. आपल्या वर्गात १ जून जन्मतारीख असलेले किती होते! जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहायचे. आपल्या आईवडिलांच्या पिढीत तर विचारूच नका. ज्या मुलीने हे सगळं शाळेत डोळ्यांनी पाहिलं होतं, तिला कळायला हवं होतं, की १ जून ही जन्मतारीख नाही, ती फक्त जन्मतारीख माहीत नसल्याची खूण आहे. त्या एका नावाच्या एका गावात दोन बायका असू शकतात.

मला शंका आली होती. हे मी आज प्रामाणिकपणे सांगते. आली होती. पण दुसऱ्या दिवशी काम सोपवायचं होतं, बैठकीत सगळे घड्याळाकडे बघत होते, आणि कोणीतरी म्हणालं, एवढ्या हजारांत एक म्हणजे काहीच नाही. मी अहवालात लिहिलं: तफावत १, कारण दुबार नोंद. खाली माझी सही.

चार महिन्यांनी तक्रार आली. एका बाईंचं निवृत्तिवेतन बंद झालं होतं. नवरा गेल्यानंतर मिळणारं, लहानसं. त्या चार महिने बँकेत आणि कार्यालयात खेटे घालत होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना यंत्र बघून सांगितलं जात होतं, की तुमचं वेतन चालू आहे, जमा होतंय. होतच होतं, दुसऱ्या बाईंच्या खात्यात, त्यांच्या हक्काचं तेवढंच. या बाई यादीत नव्हत्याच. नोंद दुरुस्त झाली, थकबाकी मिळाली. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. सही कोणाची ते बघायलाही कोणी गेलं नाही. मी त्या बाईंना कधी पाहिलं नाही. त्या चार महिन्यांत त्यांनी काय खाल्लं, कोणाकडून उसने घेतले, मला माहीत नाही.

म्हणून बर्मिंगहॅममध्ये, रात्री, जेव्हा कॅडफेल दुसऱ्यांदा मोजतो आणि तो अधिकारी म्हणतो, एकाने काय फरक पडतो, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. पुढचं पान त्या रात्री वाचवलं नाही. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या किल्ल्यात कोणाच्या जागी मी उभी होते, ते मला कळलं होतं, आणि ती जागा कॅडफेलची नव्हती.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या मुलांना माझा एक नियम ठाऊक आहे. ताळ्यात फरक आला तर किती हे मला सांगू नका, कोण ते सांगा. नाव कळल्याशिवाय सही नाही. मुलं वैतागतात. वैतागू देत.

आता शेवटचं, आणि हे आपल्या घरचं.

या मेळाव्याची यादी करायचं काम माझ्याकडे होतं, कारण तक्ते करणं मला येतं असा सगळ्यांचा समज आहे. आपल्या ‘ब’ तुकडीची यादी मी शाळेच्या नोंदींवरून केली. अठ्ठावन्न. त्यातले तिघं आज आपल्यात नाहीत, त्यांना सकाळी आपण श्रद्धांजली वाहिली. मग स्मरणिकेसाठी फोटो शोधताना नववीचा वर्गाचा फोटो मिळाला. खाली नावं लिहायची म्हणून मी डोकी मोजली. एकोणसाठ.

मी पुन्हा मोजली. एकोणसाठ.

माझी यादी चुकलेली नाही. आपली तुकडी मार्च १९९६ ची, आणि ती दहावीला बसलीच नाही, त्यामुळे यादीत ती येतच नाही. श्रूसबरीच्या अधिकाऱ्यांचा आकडाही बरोबरच होता.

दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. मी तिच्या शेजारी उभी आहे. वर्गातही मी दोन वर्षं तिच्या शेजारी बसले. तिची भूमिती सुरेख होती. तिचे कंस कधी पुसावे लागायचे नाहीत. नववीच्या वार्षिक परीक्षेच्या दिवशी माझा कर्कटक विसरला म्हणून तिने स्वतःची रचना आधी उरकून तिचा कर्कटक मला दिला. जूनमध्ये परत करू म्हणून मी तो घरी नेला. जूनमध्ये ती आली नाही. बाईंनी दोन-तीन दिवस हजेरीत तिचं नाव घेतलं, मग नवीन हजेरीपट आला. मी शेजारी दुसरी मैत्रीण केली. ती का आली नाही हे मी कोणालाच विचारलं नाही. चौदा वर्षांची होते, असं म्हणून मी स्वतःला माफ करू शकते. पण मग पुढची तीस वर्षंही विचारलं नाही, त्याचं काय? कर्कटकही कधीतरी घर बदलताना हरवला.

तिचं नाव मी इथे माईकवरून घेत नाही. तिला विचारल्याशिवाय घेणं बरं नाही. पण फोटो बाहेरच्या फलकावर लावला आहे. जेवायला जाताना दोन मिनिटं थांबा, दुसऱ्या रांगेत बघा, आणि काही माहीत असेल तर मला येऊन सांगा.

बाई, सर, तुम्ही आम्हाला ताळा करायला शिकवलंत. मी उशिरा शिकले.

ता. क. स्मरणिका छापायला जाण्यापूर्वी हे लिहिते आहे. भाषणानंतर दोघीजणी माझ्याकडे आल्या, एकीच्या ओळखीतून दुसरी ओळख निघाली, आणि तीन आठवड्यांनी मी तिच्याशी फोनवर बोलले. तिने मला आवाजावरून ओळखलं. पुढच्या वेळी नक्की ये म्हटल्यावर ती म्हणाली, “अगं, पण मी तुमच्या दहावीची कुठे आहे?” मी समितीला विनंती केली आणि ती मान्य झाली: या स्मरणिकेतल्या यादीचा मथळा आता ‘मार्च १९९६ ची तुकडी’ असा नाही, ‘पाचवी ते दहावी, आपल्याबरोबर शिकलेले’ असा आहे. तिच्या परवानगीने तिचं नाव यादीत आहे. ‘अ’ आणि ‘क’ तुकड्यांनीही आपापले जुने फोटो काढून डोकी मोजावीत.